डिझेल फोर-व्हील-ड्राइव्ह, मागची कॅरॅव्हॅन आणि ८.९ लिटरचा हिशेब

ऑस्ट्रेलियातल्या मराठी कुटुंबांच्या गटांमध्ये, विशेषतः शाळेच्या सुट्ट्या जवळ आल्या की, एक संदेश पुन्हा पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा आहे: मोठी डिझेल फोर-व्हील-ड्राइव्ह घ्यावी, कारण तिच्या इंजिनाला इतका टॉर्क (फिरवण्याचा जोर) असतो की मागे अडीच टनांची कॅरॅव्हॅन, म्हणजे ओढून न्यायचे चाकांवरचे घर, जोडली तरी शंभर किलोमीटरला एखाद-दोन लिटरच जास्त लागतात, नव्या गाडीच्या काचेवरच्या इंधन-लेबलावर शंभर किलोमीटरला ८.९ लिटर लिहिले असेल तर रोजच्या वापरात नऊ आणि कॅरॅव्हॅन ओढताना फार तर अकरा लिटर धरावेत. एका टाकीत हजार किलोमीटर सहज होतात. त्याहून जास्त डिझेल लागले तर चालकाला गाडी चालवता येत नाही किंवा चारही चाकांना ताकद जात असल्यामुळे ते वाया जाते आहे असे समजावे. शेवटी दोन सल्ले जोडलेले असतात: गाडी नेहमी सर्वांत वरच्या गिअरमध्ये ठेवावी आणि उतारावर न्यूट्रल करावी.

या संदेशातले सगळेच खोटे नाही, आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. त्यातला ८.९ हा आकडा टोयोटाच्या लँडक्रूझर ३०० या गाडीचा असल्यामुळे पुढचा हिशेब त्याच गाडीवर केला आहे. इसुझू डी-मॅक्स किंवा फोर्ड रेंजरसाठी आकडे थोडे बदलतील, हिशेबाची रीत बदलणार नाही.

पहिला मुद्दा लेबलाचा. काचेवरचा हा आकडा एडीआर ८१/०२ या ऑस्ट्रेलियाच्या वाहन-नियमानुसार प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. ही चाचणी सुमारे ११ किलोमीटरची आणि वीस मिनिटांची असते, तिच्यातला सरासरी वेग ताशी ३३ किलोमीटरच्या आसपास असतो आणि १२० चा वेग केवळ काही सेकंदांपुरता गाठला जातो. एअर कंडिशनर बंद असतो, गाडीचे वजन रिकाम्या गाडीपेक्षा जेमतेम शंभर किलोंनी जास्त धरलेले असते, आणि बुल बार, रूफ रॅक किंवा मागचा ट्रेलर यांचा त्यात विचारच नसतो. म्हणून लेबल ही फसवणूक ठरत नाही. दोन गाड्या एकाच मापाने मोजून त्यांची तुलना करता यावी, एवढ्यासाठीच ते असते. त्याच लेबलावर शहरातल्या वापराचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो मात्र फारसे कोणी वाचत नाही. ऑस्ट्रेलियन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०२३ पासून केंद्र सरकारच्या निधीतून मेलबर्नजवळच्या जिलाँग शहराच्या परिसरातल्या खऱ्या रस्त्यांवर गाड्यांच्या चाचण्या सुरू केल्या, आणि त्यांत बहुसंख्य गाड्यांना प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा जास्त इंधन लागल्याचे दिसले. भारतातून आलेल्यांना याचे नवल वाटू नये. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेचे प्रमाणपत्र ज्या भारतीय चाचणी-चक्रावर दिले जाते, त्यात तर कमाल वेग ९० पर्यंतच धरलेला आहे, आणि माहितीपत्रकातले ॲव्हरेज रस्त्यावर मिळत नाही हे तिकडे कोणालाही सांगावे लागत नाही.

दुसरा दावा टॉर्कचा आहे. संपूर्ण संदेशाचा डोलारा त्यावरच उभा असल्यामुळे इथे थोडे थांबावे लागेल. लँडक्रूझर ३०० च्या इंजिनाला मिनिटाला १६०० ते २६०० फेऱ्यांच्या दरम्यान ७०० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो, ही गोष्ट खरी आहे. त्यामुळे गाडी चढावर दमत नाही, गिअर वारंवार खाली टाकावा लागत नाही आणि इंजिन ओरडत नाही. परंतु टॉर्क म्हणजे इंजिन किती जोर लावू शकते याचे माप. रस्त्यावर प्रत्यक्ष किती काम करावे लागणार आहे, ते टॉर्कवर ठरत नाही. ते ठरते हवेच्या विरोधावर, टायरच्या घर्षणावर, चढावर आणि किती वेळा थांबून पुन्हा निघावे लागते त्यावर. आणि डिझेल जळते ते या कामासाठी.

आता ढोबळ हिशेब मांडू. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन २,९०० किलो आणि कॅरॅव्हॅनचे २,५०० किलो समजू. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ताशी १०० किलोमीटर वेगाने एकटी गाडी जात असेल तर टायरांचा विरोध सुमारे ३४० न्यूटन आणि हवेचा सुमारे ५६० न्यूटन, म्हणजे एकूण ९०० न्यूटनच्या आसपास भरतो. मागे उंच, सपाट तोंडाची कॅरॅव्हॅन जोडली की टायरांचा विरोध ६४० वर आणि हवेचा १,३०० वर जातो. बेरीज १,९४० न्यूटन. चाकांवरचे काम दुपटीहून अधिक झाले. एक लिटर डिझेलमध्ये ३८.६ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातली एकट्या गाडीच्या बाबतीत सुमारे २७ टक्के चाकांपर्यंत पोहोचते असे धरले, तर शंभर किलोमीटरला साधारण ८.६ लिटर लागतात. कॅरॅव्हॅन ओढताना इंजिनावर चांगला भार असल्यामुळे त्याची कार्यक्षमता वाढते; ती ३३ टक्के धरली तरी १५ लिटरांच्या वर खर्च जातो.

संदेशातला सत्याचा अंश याच ठिकाणी आहे. काम दुपटीहून जास्त वाढले तरी डिझेल पावणेदोन पटच वाढले, कारण कमी भारावर रेंगाळणाऱ्या इंजिनापेक्षा भरपूर भार घेतलेले इंजिन इंधनाचा अधिक चांगला उपयोग करते. पण पावणेदोन पट म्हणजे एखाद-दोन लिटर नव्हेत. ते साडेसहा लिटर आहेत, आणि तेही वारा, चढ आणि वाटेतली गावे अजून हिशेबात न धरता.

या आकड्यांमधून आणखी एक गोष्ट दिसते आणि माझ्या मते तीच सर्वांत उपयोगाची आहे. संदेशात भर आहे तो अडीच टनांवर, परंतु सपाट महामार्गावर वाढलेल्या विरोधापैकी जवळजवळ सत्तर टक्के वाटा हवेचा आहे, वजनाचा नाही. म्हणूनच तेवढ्याच वजनाची पण बुटकी बोट ओढणाऱ्याला कमी डिझेल लागते, छप्पर खाली बसवता येणारा कॅम्पर ट्रेलर स्वस्तात पडतो, आणि पाण्याच्या टाक्या रिकाम्या करून १६० किलो वाचवणाऱ्याला महामार्गावर जेमतेम एका टक्क्याचा फायदा होतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे डिझेल हे हायवेचेच इंजिन आहे म्हणून वेगाची चिंता नको, असे जे समर्थन ऐकू येते तेही इथेच कोसळते. वरच्याच हिशेबात वेग ९० ठेवला तर सुमारे १३ लिटर लागतात आणि ११० केला तर १७ च्या पुढे जातात. पर्थकडे जाणाऱ्या वाटेवरच्या नलरबोरच्या मोकळ्या माळावर समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर हवेला गाडीचा वेग १०० न वाटता १२० वाटतो, आणि तेव्हा १९ ते २० लिटर लागले तर त्यात चालकाचा काहीच दोष नसतो. अशा दिवशी दहा किलोमीटर वेग कमी करणे हा एकच खरा इलाज आहे.

वजनाचा वाटा चढावर वसूल होतो. सिडनीच्या पश्चिमेकडच्या पेनरिथहून ब्लू माउंटन्स डोंगरांतल्या कटुम्बाला जाताना रस्ता सुमारे हजार मीटर उंची गाठतो. ५,४०० किलो तेवढे वर न्यायला, पुढे जाण्याचा खर्च वेगळा ठेवून, केवळ उंचीसाठी पावणेचार लिटर डिझेल लागते. एकट्या गाडीला दोन लिटर पुरतात. उतरताना त्यातले काही परत मिळते, पण जिथे ब्रेक दाबावा लागतो तिथे ते उष्णता होऊन निघून जाते.

तिसरा दावा रोजच्या वापरातल्या नऊ लिटरांचा. शाळा, स्टेशन, कोल्स सुपरमार्केट आणि परत घर, अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत नऊ लिटर मिळण्याची अपेक्षाच चुकीची आहे. सुमारे २,७०० किलोंची गाडी ताशी ६० वेगाला नेऊन सिग्नलला थांबवली की तिच्यातली गतिऊर्जा ब्रेकमध्ये संपते. असे पंचवीस वेळा झाले की जवळपास एक लिटर डिझेल केवळ वेग घेण्यात खर्च झालेले असते. जागेवर उभ्या असलेल्या अशा इंजिनाला एअर कंडिशनर चालू असताना तासाला एक लिटरच्या आसपास लागते. थंड इंजिन काही किलोमीटर जास्त पिते. शिवाय धुराच्या वाटेवर डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ होण्यासाठी ठरावीक काळाने जादा डिझेल जाळून तापवली जाते आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग चालावी लागते. छोट्या फेऱ्यांत ही सफाई अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, पुन्हा अर्धवट राहते. अशा वापरात बारा-तेरा लिटर लागले तर गाडी बिघडलेली नसते. तरीही शहरात तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा डिझेलला कमी लिटर लागतात हे मान्य करायलाच हवे, कारण डिझेल इंजिनाला पेट्रोल इंजिनासारखी हवेची आत येण्याची वाट आवळावी लागत नाही आणि कमी भारावर त्याचे नुकसान कमी होते. मात्र एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे १३ टक्के जास्त ऊर्जा असते, तेव्हा लिटरची लिटरशी तुलना करताना तेवढी सूट वजा करावी.

चौथा दावा असा की जास्तीचे डिझेल चारही चाकांच्या ताकदीत जाते. लँडक्रूझर ३०० कायम चार चाकांवरच चालते; तिच्यात दोन चाकांवर चालवण्याची सोयच नाही, आणि लेबलावरचा ८.९ चा आकडाही तशाच स्थितीतला आहे. हायलक्स किंवा डी-मॅक्ससारख्या गाड्यांत ती सोय असते आणि डांबरी रस्त्यावर ती वापरलीच पाहिजे, परंतु त्याचे कारण डिझेल नव्हे: पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसल्यामुळे वळणावर पुढची-मागची चाके एकमेकांशी झगडतात आणि सांधे ताणले जातात. फोर-व्हील-ड्राइव्हचा खरा खर्च तिच्या उंचीत, वजनात आणि मालकाने हौसेने लावलेल्या वस्तूंत असतो. छतावरचा तंबू वर्षभर तसाच ठेवणारी मंडळी शंभर-दोनशे रुपयांच्या इंधन-पावडरी भारतातून मागवताना पाहिली की काय बोलावे सुचत नाही. टायरांचे तर आणखी एक गंमतीचे प्रकरण आहे: २६५/६५ आर १७ काढून २६५/७० आर १७ घातले की चाकाचा व्यास साडेतीन टक्क्यांच्या जवळपास वाढतो आणि ओडोमीटर प्रत्यक्षापेक्षा तेवढे कमी अंतर दाखवतो. म्हणजे नव्या टायरांमुळे डिझेल वाढल्याची जी तक्रार असते, तिच्यातला काही भाग कागदावरचाच असतो.

दोन्ही सल्ल्यांबद्दल थोडक्यात. उतारावर गिअरमध्ये असलेली गाडी पॅडल सोडताच इंजेक्शन बंद करते, त्यामुळे डिझेल लागत नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी ते लागते. अडीच टन मागून ढकलत असताना इंजिनाची पकड सोडून सगळा भार ब्रेकवर टाकणे धोक्याचे आहे हे वेगळेच. सर्वांत वरच्या गिअरचा हट्टही ओढताना अंगाशी येतो. दहा गिअरांच्या ऑटोमॅटिकमध्ये भाराखाली गिअर सतत वर-खाली होऊ लागले आणि इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचे लॉक सुटत राहिले की ऊर्जा गिअरबॉक्सचे तेल तापवण्यात जाते. टो मोड (ओढण्यासाठीची सेटिंग) लावून एक-दोन गिअर खाली राहिलेली गाडी अशा वेळी थंडही राहते आणि सहसा जास्त पितही नाही.

मग कॅरॅव्हॅन ओढून दहाच लिटर लागले असे शपथेवर सांगणारे लोक खोटे बोलतात का? बहुधा नाही. स्क्रीनवरची सरासरी शेवटी कधी शून्यावर आणली होती, ते त्यांनी पाहिलेले नसते. गेल्या ३,५०० किलोमीटरपैकी ३,००० कॅरॅव्हॅनशिवाय नऊ लिटरांनी आणि ५०० कॅरॅव्हॅनसह सोळा लिटरांनी झाले असतील, तर स्क्रीन अगदी प्रामाणिकपणे दहा दाखवते. ओढण्याचा खर्च जाणून घ्यायचा असेल तर निघताना टाकी काठोकाठ भरावी, मीटर शून्यावर आणावा आणि पुढच्या पंपावर पुन्हा काठोकाठ भरून लिटर मोजावेत; वाटेत कॅरॅव्हॅन सोडून फिरायला गेलेले किलोमीटर त्यात मिसळू नयेत.

राहिली एका टाकीची गोष्ट. लँडक्रूझर ३०० च्या दोन टाक्या मिळून ११० लिटर डिझेल मावते, त्याला ८.९ ने भागले की १,२३५ किलोमीटर येतात, आणि संदेशातले हजार किलोमीटर याच भागाकारातून थोडी सूट देऊन काढलेले दिसतात. सोळा लिटरांनी भागले तर ६८७ येतात, समोरच्या वाऱ्यात वीस लिटरांनी भागले तर ५५०, आणि टाकी तळाला जाईपर्यंत कोणी चालवत नसल्यामुळे हाताशी राहणारे अंतर त्याहूनही कमी. मेलबर्न ते पर्थ हा साधारण ३,४०० किलोमीटरचा रस्ता अकरा लिटरांच्या भरवशावर आखला तर ३७४ लिटर लागतील असे वाटते, सोळाने ५४४ लागतात. मधले १७० लिटर म्हणजे याच गाडीची भरलेली दीड टाकी, आणि ती वाटेतल्या महागड्या रोडहाऊसवर, म्हणजे महामार्गावरच्या एकाकी पंपांवर, भरावी लागते.