कोवळं ऊन देताय म्हणून बाळाचे व्हिटॅमिन डी चे ड्रॉप्स बंद करू नका

फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, आपल्याकडे एवढं ऊन आहे, बाळाला सकाळचं कोवळं ऊन दाखवा, आईच्या दुधात सगळं असतंच, डी चे ड्रॉप्स म्हणजे नुसता कंपन्यांचा धंदा. प्लीज पुढे ढकलू नका हे.

आधी कोवळं ऊन. त्वचेत डी तयार होतं ते उन्हातल्या युव्हीबी या अतिनील किरणांमुळे, आणि सकाळी सातच्या तिरप्या उन्हातले हे किरण वातावरणातच शोषले जातात, आपल्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाहीत. त्यात बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, डोक्याला टोपडं, उघडं काय तर इवलंसं तोंड. बंद खिडकीतून येणारं ऊनही उपयोगाचं नाही, काच युव्हीबी अडवते. मग तान्ह्या बाळाला भर दुपारी उन्हात धरायचं का, तर अजिबात नाही, म्हणूनच ड्रॉप्स देतात ना!

ऊन आहे म्हणजे कमतरता नाही, हे पण चूक. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या १४ टक्के, ५ ते ९ च्या १८ टक्के आणि १० ते १९ वयाच्या तब्बल २४ टक्के मुलांमध्ये डी कमी निघालं.

आईचं दूध सर्वात उत्तम, त्यात वादच नाही आणि ते बंद करून वरचं सुरू करा असं कोणीच म्हणत नाहीये, पण डी त्यात खूपच कमी असतं, आणि आईलाच कमतरता असेल तर बाळ जन्मतःच कमी साठा घेऊन येतं. त्यामुळे अंगावर पिणाऱ्या बाळालाही पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट द्या, असं बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते.

आणि धंदा म्हणणाऱ्यांनी मुडदूस, म्हणजे डी कमी पडून हाडं मऊ होण्याचा आजार, झालेलं मूल बघावं. मनगटं रुंद, पायांना बाक, टाळू भरायला उशीर, चालणं लांबलेलं, आणि कॅल्शियम फार उतरलं तर तान्ह्या बाळाला झटके सुद्धा येतात.

जास्त डी घातक, एवढं मात्र खरंय. मोठ्यांची ६०,००० युनिटची पुडी बाळाला मनाने देऊ नका, उलट्या, बद्धकोष्ठता, किडनीला त्रास होऊ शकतो. ड्रॉप्समध्येही काहींत एका एमएलला ४०० तर काहींत ८०० युनिट असतात, त्यामुळे बाटली बदलली की लेबल वाचा आणि ड्रॉपर कुठल्या रेषेपर्यंत भरायचा ते डॉक्टरांना परत विचारा.