पाणी धरून की पाणी सोडून?

डोळे आधी माझे आले. त्यामुळे पुढचं सगळं रामायण माझ्याच गळ्यात पडलं, याबद्दल माझी तक्रार नाही.

2023चा जुलै होता. राज्यभर डोळ्यांची साथ, आणि आमच्याकडे रिटर्नांची. नाशिकला शालिमारजवळ एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. 31 जुलैची मुदत जवळ आली की फायली टेबलावरून खुर्च्यांवर, खुर्च्यांवरून जमिनीवर आणि तिथून जिन्यात उतरतात. गोदावरीचा पूर नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात, फायलींचा पूर आम्ही काकांवर मोजतो. काका म्हणजे आमचे जुने अकाउंटंट. त्या आठवड्यात पाणी, म्हणजे फायली, त्यांच्या छातीला लागल्या होत्या.

पाच दिवस घरी काढून मी परत आलो तर ऑफिसात सगळे काळे चष्मे लावून बसलेले. आर्टिकलशिपची, म्हणजे सीएची उमेदवारी करणारी, दोन्ही पोरं, काका, खुद्द साहेब. एक क्लायंट तर दारातूनच मागे फिरला. त्याला वाटलं, धाड पडली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं असावं. काळ्या काचेमुळे नक्की सांगता येत नाही. म्हणाले, "तुम्ही आणलंत, आता तुम्हीच निस्तरा."

डॉक्टरांनी मला एक गोष्ट बजावून सांगितली होती. आलेल्या डोळ्यांकडे पाहून डोळे येत नाहीत, हातामुळे येतात. चोळलेल्या डोळ्याचा हात माउसला, माउसचा हात दुसऱ्याच्या डोळ्याला. शिवाय हा विषाणू टेबलावर, कडीवर, नळाच्या तोटीवर कित्येक दिवस तग धरून राहतो. म्हणजे चष्मे विषाणूसाठी नव्हतेच, काकांनी डोळा चोळू नये म्हणून होते. काका चष्मा वर करून चोळायचे.

भद्रकालीतून पाच लिटरचा हायपोचा कॅन आणला. पूर्ण नाव सोडियम हायपोक्लोराइट, पण दुकानात कुणी एवढा श्वास खर्च करत नाही. "पाच टक्क्यांचा आहे, एक टक्का करून वापरा. पाचपट करायचं," दुकानदार म्हणाला. मी मान डोलावली. अहो, आमचं पोटच टक्केवारीवर चालतं.

ऑफिसात बादली मांडली आणि काकांनी शांतपणे विचारलं, "पाचपट म्हणजे पाणी धरून पाच की पाणी सोडून पाच?"

पुढचा अर्धा तास काय सांगावा! एका पोराने एक्सेल उघडलं. दुसरा म्हणाला, जीएसटीसारखंच आहे, आधी इन्क्लुझिव्ह की एक्सक्लुझिव्ह ते ठरवा. शेवटी प्रकरण साहेबांच्या केबिनमध्ये गेलं आणि निकाल लागला, पाणी धरून. एक लिटर हायपो, चार लिटर पाणी, एकूण पाच. काकांनी "अंडर प्रोटेस्ट" मान्य केलं.

तोवर आमच्या मावशी बादली घेऊन मोरीकडे निघाल्या होत्या. त्यांच्या दुसऱ्या हातात संडासाच्या अ‍ॅसिडची बाटली.

"हे कशाला?"

"नुसतं कसं चालंल दादा? जरा जोर यायला पाहिजे ना."

मी शाळेत असतानासुद्धा इतका धावलो नव्हतो. हायपोत अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि मग विषाणू राहतो बाजूला, माणसंच निर्जंतुक होतात. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग आधी सांगायचं ना. नाकात मलाच घ्यायचं होतं ते."

त्यांचं बरोबर होतं. पुढच्या बाबतीतही त्याच बरोबर निघाल्या. मी थेट टेबलावर औषध लावायला निघालो तर त्यांनी हात धरला. आधी साबणाच्या पाण्याने धुवायचं. चहाचे डाग, डिंक, शाईचे ठसे, स्टॅम्पपॅडचा जांभळा राप. "झाडल्याबिगर कुणी सारवतं का?" नंतर मी वाचलं, तर खरंच मळावर हायपोचा जोर फुकट जातो.

पण एका जागी आमचं काही केल्या जमेना. औषध लावलं की ते दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं असतं. खरं काम त्या दहा मिनिटांत होतं. आणि मावशींनी उभ्या आयुष्यात ओलं टेबल बघून फडकं आवरलेलं नाही. मी लावत पुढे जायचो, त्या मागून कोरडं करत यायच्या.

"मावशी, राहू द्या ओलं!"

"ओलं तसंच सोडू राहिले दादा? लोकं काय म्हणतील?"

लोकही काही कमी नव्हते. तिसऱ्या मिनिटाला साहेबांचं कोपर, पाचव्या मिनिटाला कुरिअरवाल्याचं पाकीट, सातव्याला मीच. माझ्या निळ्या शर्टाच्या बाहीवर दुसऱ्या दिवशी लालसर ठिपके उगवले. बायकोने विचारलं, "सरकारने रंगपंचमी जुलैत घ्यायला सांगितली का?" कीबोर्डला मात्र हायपो लावला नाही, तिथे कापसावर घेतलेलं स्पिरिट. तेवढं एक काम बिनबोभाट झालं.

व्हिएन्नाच्या इस्पितळात 1847 साली सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी असाच हट्ट धरला होता. बाळंतिणीला हात लावण्याआधी क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवा. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले, तरी बरोबरीचे डॉक्टर बिथरले ते बिथरलेच. आमच्याकडे एवढं झालं नाही. काकांनी टेबल पुसून दिलं, खुर्चीत बसले, अंगठा जिभेला लावला आणि व्हाउचर उलटायला घेतली. चौथ्या व्हाउचरला थांबले.

"आज व्हाउचरं खारट का लागतायत?"

तिसऱ्या दिवशी मावशींनीच तोड काढली. सकाळी औषध लावायचं आणि लगेच चहा टाकायचा. चहा होऊन सगळ्यांना मिळेपर्यंत कुणीही टेबलाकडे फिरकायचं नाही, सगळ्यांनी जिन्यात उभं राहायचं. बरोब्बर दहा मिनिटं. आलं किसायचं असेल तर अकरा.

असेच आम्ही जिन्यात कप घेऊन उभे असताना मेन रोडचे एक कापडवाले शेठ वर आले. आम्हाला ओलांडून आत गेले आणि आपली विक्रीची वही आमच्या ओल्या टेबलावर ठेवून मोकळे झाले. वही शाईपेनने लिहिलेली. मी कप टाकून धावलो. वही उचलेपर्यंत निळे आकडे पिवळट होत होत नाहीसे होत होते.

ऑफिसात सन्नाटा. सगळ्यांनी एकदम काळे चष्मे काढले.

शेठ वाकून बघत राहिले. "मे महिना गेला?"

"गेला शेठ," मी म्हणालो.

"आणि जून?"

"जून थोडा शिल्लक आहे."

शेठनी खुर्ची ओढली, ऐसपैस बसले आणि आवाज खाली आणून विचारलं, "हे औषध मिळतं कुठं?"

"भद्रकालीत," मागून मावशी म्हणाल्या. "पण लावलं की दहा मिनिटं थांबाया लागतं. लगेच पुसायचं नाही."