आठव्या वर्षी कुठलीही खिडकी बंद होत नाही

परवा बहिणीचा फोन आला. "दादा, भिशीचे चाळीस हजार हातात आलेत. ओवीच्या कोडिंग क्लासला भरून टाकू का? उद्या शेवटची तारीख आहे." ओवी सात वर्षांची, दुसरीतली. वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज वाचून बहीण पार हादरली होती. मी चौदा वर्षं शाळेत संगणक शिकवतो. मला राग आवरेना.

मेसेज सांगतो : नव्या धोरणाने सहावीपासून कोडिंग सक्तीचं केलंय, परदेशात पाच वर्षांची पोरं कोडिंग करतात, एका लहानग्याला कोट्यवधींची नोकरी लागली, आणि आठ वर्षांच्या आत सुरुवात केली नाही, तर मेंदूची 'खिडकी' कायमची बंद होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० उघडा, परिच्छेद ४.२५ काढा. कोडिंगचा समावेश असलेले उपक्रम सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आणले जातील, एवढंच तिथे आहे. सक्ती हा शब्द नाही. त्याआधीच्या वयासाठी काय सांगितलंय? कोडी आणि खेळ. त्यांतून गणिती आणि संगणकीय विचार रुजवा, असं. म्हणजे ज्या धोरणाचं नाव घेऊन दुसरीतल्या मुलीसाठी पैसे मागितले जातायत, तेच धोरण तिला कोडी घाला म्हणतंय!

कोट्यवधींच्या नोकरीवर फार शब्द खर्च करायला नकोत. जाहिरातींत झळकलेला तो मुलगा अस्तित्वातच नव्हता. २०२० साली भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या सांगण्यावरून कोडिंग शिकवणाऱ्या एका कंपनीला पाच जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. तरी त्या भाकडकथा अजून फिरतायत.

पण खरा घात करतं ते खिडकीचं वाक्य, कारण आईबाप घाबरतात ते त्यालाच. लहान मूल कानावर पडलेली भाषा सहज उचलतं, हे बरोबर. त्यावरून कोडिंगचंही तसंच असतं, हे कुणी ठरवलं? कोडिंग कानावर पडून येत नाही. मोठं काम छोट्या पायऱ्यांत फोडणं, क्रम लावणं, चूक कुठे झाली ते शोधणं, यातून ते येतं. आणि हे कुठल्याही वयात शिकता येतं. अमेरिकन संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर १९४४ साली हार्वर्डच्या मार्क वन या सुरुवातीच्या संगणकावर प्रोग्रॅमिंग शिकल्या, तेव्हा त्यांचं वय ३७ होतं. पुढे कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, घडवणाऱ्यांत त्यांचं नाव अग्रभागी आलं. माझ्याकडे दरवर्षी आठवी-नववीत पहिल्यांदा संगणकाला हात लावणारी मुलं येतात. दिवाळीपर्यंत ती आपापले छोटे प्रोग्रॅम लिहितात. त्यांची कुठली खिडकी बंद झाली होती?

परदेशातल्या पाच वर्षांच्या पोरांचा मुद्दा मात्र इंग्लंडपुरता मान्य करावा लागेल. तिथे सप्टेंबर २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलांनाही शाळेत हा विषय आहे. पण तो शाळेत आहे, सगळ्यांना आहे, आणि सुरुवात होते ती सूचनांचा क्रम म्हणजे काय, इथून. त्यासाठी कुणाला भिशी मोडावी लागत नाही.

बहिणीला म्हटलं, फोन ओवीला दे. मनात १ ते १०० मधला आकडा धर, मी विचारीन, तू फक्त 'मोठा' किंवा 'लहान' सांग. सातव्या प्रश्नाला आकडा सापडला. मग तिने माझा आकडा शोधला, आधी एकेक विचारत होती, तिसऱ्या खेपेला स्वतःहून "पन्नास?" म्हणाली. क्रमाने लावलेल्या यादीत संगणक शोधतो तो असाच, दर वेळी अर्धी यादी बाद करत. एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या सीएसपाठशाला उपक्रमात संगणकाशिवाय शिकवायचे असे पाठ तयार आहेत. आठव्या वर्षापासून स्क्रॅच आहे, म्हणजे चित्रांच्या ठोकळ्यांसारख्या सूचना जोडून प्रोग्रॅम करायची मुलांची भाषा, तीही फुकट.

पैसे भरू नकोस, असं बहिणीला सांगितलं. त्यापेक्षा पुढच्या पालकसभेत उभी राहा आणि विचार, संगणकाच्या तासाला मुलं नेमकं काय करतात? कारण कितीतरी शाळांत अजूनही 'इनपुट डिव्हाइस'ची व्याख्या फळ्यावरून वहीत उतरवून घेतली जाते आणि प्रयोगशाळेला कुलूप असतं. ते कुलूप उघडायला लावायचं असेल, तर ग्रुपवरच्या सगळ्या पालकांनी एकत्र जायला हवं.