‘वेनिरे’ला ‘गम्’ची लेक ठरवणाऱ्यांसाठी

भाचीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात तो मजकूर जसाच्या तसा उतरलेला पाहिला आणि गप्प बसवेना. व्हॉट्सअॅपवर फिरतोय तोच: सीझरच्या ‘वेनी, विदी, विकी’मधलं ‘वेनी’ (मी आलो) ज्या ‘वेनिरे’ (येणं) या लॅटिन क्रियापदाचं रूप, ते संस्कृत ‘गम्’पासून (जाणं) निघालं, इंग्रजी ‘गो’सुद्धा त्यातूनच, व्हॅटिकन म्हणजे वाटिका, आणि संस्कृत ही या भाषांची जननी, असं अठराव्या शतकातला इंग्रज न्यायाधीश आणि भाषापंडित खुद्द विल्यम जोन्स म्हणून गेला.

जोन्सचं आधी घेतो, कारण तिथे चक्क कात्री चालवली आहे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे त्याने संस्कृतची तोंडभरून स्तुती केली, ग्रीकपेक्षा निर्दोष आणि लॅटिनपेक्षा समृद्ध म्हटलं. मजकूर इथे थांबतो. जोन्स थांबला नव्हता. त्याच ओघात तो म्हणतो की या तिन्ही भाषा एकाच उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता उरलेला नाही. म्हणजे आई वेगळी. या तिघी बहिणी.

आता ‘गम्’. ‘वेनिरे’ त्यातून निघालं असेल तर ‘ग’चा ‘व’ झाला म्हणायचं. ठीक. मग संस्कृत ‘युगम्’ (जू) लॅटिनमध्ये ‘युगुम’ कसं? तिथला ‘ग’ शाबूत! ग्रीकमध्येही तेच: ‘गम्’च्या जागी ‘बाइनो’, पण जुवाला ‘झुगोन’. या तिघींच्या मूळ भाषेत हे दोन निराळे ध्वनी होते, एक साधा ‘ग’ आणि एक ओठ गोल करून काढलेला ‘ग्व’. संस्कृतने या शब्दांत दोन्हींचा ‘ग’ केला. एकदा मिसळलेलं लॅटिनने पुन्हा निवडून वेगळं केलं कसं, याचं उत्तर मजकूरवाल्यांनी द्यावं.

नातं आहे, हे मात्र कबूल करावं लागतं. ‘गम्’ आणि ‘वेनिरे’ एकाच धातूचे, आणि मूळचा ‘म’ संस्कृतने जपला. लॅटिनमध्ये त्याचा ‘न’ झाला. ‘विदी’ही (मी पाहिलं) आपल्या ‘विद्’चा (जाणणं) भाऊबंद. भाडेपावतीवरच्या तिकिटातला ‘रेव्हेन्यू’ फ्रेंचमार्गे याच ‘वेनिरे’कडून आलाय, मूळ अर्थ ‘परत आलेलं’.

‘गो’चा मात्र ‘गम्’शी काडीचा संबंध नाही. इंग्रजीत ‘गम्’च्या नात्यातलं आहे ते ‘कम’! जाणं-येणं उलटंपालटं करून वर टाळ्या घ्यायच्या.

आणि व्हॅटिकन हे ख्रिस्ती धर्माच्याही आधीपासून रोममधल्या टेकडीचं नाव आहे. वाटिका वगैरे काही नाही.