खंडाच्या दिवशी डेंग्यू थांबतो का?

डोकं फिरलंय माझं. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी लॅब टेक्निशियन मी. काल दिवसभर लॅबमध्ये राबले आणि कागदोपत्री काल मी नोकरीतच नव्हते. दरवर्षीचा एक दिवसाचा तांत्रिक खंड. जुना नियुक्तीचा आदेश परवा संपला, नवा आजपासून लागू. हजेरीच्या ॲपवर नाव बंद, त्यामुळे चेहरा घेतलाच नाही. आणि सकाळी साडेआठला रुग्णालयातल्या साहेबांचा फोन, "मॅडम, तापाचे पेशंट खूप आहेत, रक्ताची सीबीसी तपासणी कोण लावणार? जरा येऊन जा." ते "जरा" संध्याकाळी सहाला संपलं.

कशाला गेलीस, असं घरचेही म्हणाले. न जाऊन कसं चालेल? पावसाळा तोंडावर आलाय, ग्रामीण रुग्णालयात लॅबवाली मी एकटी, आणि बाहेरच्या लॅबचे पैसे भरायची ऐपत असलेला माणूस मुळात आमच्याकडे येतच नाही. काल वाडीवरचा एक जण नऊ-दहा वर्षांच्या पोरीला घेऊन आला होता. दर दहा मिनिटांनी खिडकीशी यायचा, "ताई, पेशी किती आल्या?" मशीनने बावीस हजार प्लेटलेट दाखवल्या. इतका खालचा आकडा आला की मी मशीनवर विसंबत नाही, प्लेटलेट एकमेकींना चिकटून गोळा झाल्या तरी मशीन कमी मोजतं. स्लाइड ओढली, रंगवली, मायक्रोस्कोपखाली पाहिली. गोळे नव्हते, पेशी खरंच कमी होत्या. तशीच पळत जाऊन साहेबांना सांगितलं, अर्ध्या तासात १०८ बोलावून पोरीला जिल्ह्याला हलवलं. त्या रिपोर्टवर सही माझी आहे. काल मी नोकरीत नव्हते, तर ती सही कुणाची? काल रक्त काढताना सुई टोचली असती, तर मी सरकारची कोण होते?

आज नवा आदेश घ्यायला जिल्ह्याला गेले, तर पुढ्यात पाचशेच्या स्टॅम्पपेपरचा करारनामा. शंभराचा स्टॅम्प २०२४ च्या ऑक्टोबरपासून बंद झाला, तो भुर्दंडही आमच्याच खिशातून. त्यात नेहमीचं कलम: या नियुक्तीमुळे शासकीय सेवेत कायम होण्याचा कोणताही हक्क सांगता येणार नाही. मी विचारलं, कालच्या दिवसाचं काय? जिल्ह्याचे साहेब मान वर न करता म्हणाले, "काल तुम्हाला लेखी कुणी बोलावलं होतं का?" मी आवाज चढवला. तेव्हा मात्र मान वर झाली. "मॅडम, जमत नसेल तर राहू द्या. या जागेसाठी दहा जण थांबलेत."

दहा जण थांबलेत! बारा वर्षं झाली हे ऐकतेय. करारनामा पुढे सरकवणारा लेखा विभागातला मुलगाही कंत्राटीच. बाहेर व्हरांड्यात येऊन तो हळूच म्हणाला, "ताई, माझा पण खंड कालच होता, हे सगळे आदेश काल मीच टाइप केले." म्हणजे आम्हाला नोकरीतून काढल्याचा कागद आणि परत घेतल्याचा कागद, दोन्ही नोकरीत नसलेल्या माणसाने तयार केले. याला प्रशासन म्हणायचं?

हे आरोग्य अभियान २००५ ला सुरू झालं. वीस वर्षांवर चाललेल्या कामाला तात्पुरतं काम म्हणतात का? क्षयरोगाची थुंकी तपासणं, गरोदर बाईचं हिमोग्लोबिन बघणं, हे पुढच्या वर्षी बंद होणार आहे का? काम कायमचं आणि माणूस तेवढा अकरा महिन्यांचा.

आणि कुणी "मागच्या दाराने आलात" म्हटलं की माझा ताबाच सुटतो. जाहिरात निघाली होती. अर्ज केला, गुणवत्ता यादी लागली, आरक्षणाची बिंदुनामावली लावली, कागदपत्रं तपासली, मग आदेश मिळाला. पुढचं दार याहून वेगळं असतं का?

कोर्टाचा धाकही ठरलेला. सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा उमादेवी निकाल आहे म्हणे, कायम करता येत नाही. अहो, पूर्ण वाचा की तो एकदा! मंजूर रिक्त पदांवर पात्र माणसांनी कोर्टाच्या आदेशाशिवाय दहा वर्षं काढली असतील, तर एकवेळची बाब म्हणून त्यांना नियमित करण्याचा विचार करा, हेही त्याच निकालात आहे. २० डिसेंबर २०२४ ला जग्गो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी खात्यांना याचवरून सुनावलं: उमादेवी निकाल सोयीपुरता वाचून वर्षानुवर्षं राबलेल्या माणसांवर हत्यारासारखा वापरू नका. केंद्रीय जल आयोगात झाडलोट करणाऱ्या बायका आणि एक माळी लढले होते तिथे. आणि आपल्या महाराष्ट्राचाच १९७१ चा कायदा काय सांगतो? कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून कामगाराला वर्षानुवर्षं बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरता ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा. कारखानदाराने केलं तर गुन्हा, आणि कायदा करणाऱ्यानेच केलं तर धोरण!

१४ मार्च २०२४ चा शासन निर्णय निघाला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. दहा वर्षं झालेल्या आमच्यासारख्या कंत्राटी लोकांना समकक्ष रिक्त पदांवर सामावून घेणं, म्हणजे समायोजन, त्यासाठी ३० टक्के जागा. मग याद्या मागवल्या. मग त्रुटी काढल्या. मग पुन्हा याद्या, नव्या नमुन्यात. सेवापुस्तक नसलेल्या माणसाकडे सेवेचा पुरावा मागतात, आणि ते आदेश ज्यांनी काढले तेच त्यांच्या प्रती आमच्याकडून घेतात. शेवटी २०२५ च्या ऑगस्टमध्ये राज्यभर काम बंद ठेवून रस्त्यावर बसावं लागलं, ते काही नवीन मागायला नव्हे. सरकारने स्वतः काढलेला कागद सरकारने पाळावा, एवढ्यासाठी.

बोलायला लागलं की सगळंच वर येतं. घरासाठी कर्ज मागायला गेले, तर बँकेच्या मॅनेजरने आदेशावरची शेवटची तारीख पाहिली आणि फाइल परत दिली. वीस वर्षांचं कर्ज अकरा महिन्यांच्या आदेशावर कोण देईल? मार्च २०२३ ला कायम कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. त्यांची मागणी रास्तच होती, मी आजही त्यांच्या बाजूने बोलेन. पण तेव्हा ओपीडी ओढली ती आम्ही, आणि आमच्या संपाच्या वेळी पाठिंब्याच्या चार ओळीही कुणाला लिहवल्या नाहीत. करोनात पीपीई किटमध्ये घामाने निथळत स्वॅब घेतले तेव्हा आम्ही योद्धे, आणि लाट ओसरली तशी पुनर्नियुक्तीसाठी कार्यमूल्यमापनाचे गुण. शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्याला माझ्या दुपटीहून जास्त पगार. समान कामाला समान वेतन हे सर्वोच्च न्यायालय २०१६ मध्येच सांगून बसलंय. आणि ते रात्री साडेनऊचे "तात्काळ, सर्वोच्च प्राधान्य"वाले मेसेज! अहवाल आत्ताच्या आत्ता, कायम करण्याचं मात्र बघू.

स्पर्धा परीक्षा द्या म्हणतात. खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३ ही वयोमर्यादा. ती वर्षं कुठे गेली? याच लॅबमध्ये गेली, तुमच्याच पेशंटच्या रक्ताचे नमुने तपासण्यात.

सही केली मी आज. घर चालवायचंय, केली. पण सही झाल्यावर साहेबांना तोंडावर सांगून आले, पुढच्या खंडाला बोलवायचं असेल तर लेखी आदेश द्या. तुम्हीही सगळ्या कंत्राटी लोकांनी आपापल्या साहेबांना हेच सांगा, एकटीदुकटीने सांगून उपयोग नाही. पहिल्या जाहिरातीचं कात्रण, निवड यादी, प्रत्येक वर्षीचा आदेश, सगळं एका फाइलला लावा. रीतसर निवड झाली की नाही, यावरच कोर्टात सगळं अडतं. खंडाच्या दिवशीचे फोन, मेसेज, ड्युटी लिस्ट डिलीट करू नका. ज्यांच्याकडे जुने आदेश नाहीत त्यांनी माहिती अधिकारात उद्याच अर्ज टाका. नमुना मी आज रात्री लिहून ठेवते.