ज्ञानात पैकीच्या पैकी

चिरंजीवांच्या वरच्या पुढच्या दातांवर तपकिरी डाग दिसले, म्हणून त्यांना घेऊन दंतमहाविद्यालयात गेलो. नंबर ३१ वा. बाकावर बसतोय तोच पांढऱ्या कोटातली एक मुलगी कागद घेऊन आली. "काका, दहा मिनिटं द्याल? पालकांचं सर्वेक्षण आहे." माझं वय ३४. त्यातली दोन मिनिटं 'काका' पचवण्यातच गेली.

पहिला भाग 'ज्ञान'. इथे मी सुटलोच. दुधाचे दात किती? २०. पहिला कधी येतो? सहाव्या महिन्याच्या आसपास. दंतवैद्याकडे पहिल्यांदा कधी न्यावं? पहिल्या वाढदिवसापर्यंत. (चिरंजीव साडेचार वर्षांचे. पण प्रश्न ज्ञानाचा होता.) तीन वर्षांच्या आतल्या मुलाला पेस्ट किती? तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. 'दुधाचे दात पडणारच, मग जपायचे कशाला?' यावर मीच तिची शिकवणी घेतली. म्हटलं, दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात, मागून येणाऱ्यांची जागा धरून ठेवतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसं.

दुसरा भाग 'आचरण'. मूल रात्री दात घासतं का? मी 'नेहमी'वर पेन टेकवलं. तेवढ्यात तिनं थेट चिरंजीवांनाच विचारलं, "रात्री ब्रश करतोस का रे?"

"हो! गणपतीत केला होता."

आता तिला काय सांगू? सात-आठ वर्षांपर्यंत पालकांनीच घासून द्यावेत, हे मला ठाऊक आहे. त्याला ठाऊक नाही. रात्री साडेनऊला ब्रश दिसला की तो पलंगाखाली, आणि मी पालथा पडून, हात लांब करून, "बाहेर ये, बाळा." बाहेर आला तर ओठ शटर ओढल्यासारखे बंद. एकदा बायकोनं युक्ती केली, "सिंह कसा आ करतो?" सिंहानं आ केला. माझं बोट त्यात गेल्यावर मिटलासुद्धा.

तिनं बेरीज केली. ज्ञान ८ पैकी ८. आचरण ८ पैकी १.

"हा एक कशाचा?"

"घरात ब्रश आहे, त्याचा."

आत डॉक्टरबाईंनी एका नजरेत ओळखलं. "झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली द्यायचात ना?" दोन वर्षांचा होईपर्यंत दिली होती. झोपेत लाळ कमी सुटते, दूध वरच्या दातांशी साचून राहतं. खालच्यांवर जिभेचं पांघरूण असतं, म्हणून ते वाचतात. हे मात्र मला ठाऊक नव्हतं. नशीब, कागदावर हा प्रश्न नव्हता. चार दात किडलेले निघाले. बाईंनी फ्लोराइडचा लेप लावला आणि बजावलं, "आज चिकट, गोड काही नको." मी जबाबदार पालकासारखी मान हलवली.

घरी आई दारातच उभी. "रडला नाही ना माझा राजा?" म्हणत तिनं त्याच्या हातावर पेढा ठेवला. मी हरकत घ्यायला तोंड उघडलं, तर दुसरा पेढा त्यात.