आधी पाहा, खोकते कोण

भाऊ, घरात कोणी खोकलं की घाबरू नका. आधी पाहा, खोकते कोण. घरधनी खोकत असेल तर तो रोग. घरधनीण खोकत असेल तर तिची सवय. एवढं कळलं की अर्धा दवाखाना वाचतो.

समजा, बुवा खोकताहेत. चाळीस वर्षं बिड्या ओढल्यात. (त्या बिड्या भंडारा-गोंदियाकडच्या कुण्या बाईनं तंबाखूची धूळ नाकात घेत वळल्या, ते सोडा.) गाडी करा, जिल्ह्याला न्या. सोबत बायको हवीच. फाईल कोण धरेल, कोणती गोळी जेवणाआधीची ते ध्यानात कोण ठेवेल? डॉक्टरांचा पहिला प्रश्न, ‘बिड्या किती?’ बुवा लाजून निम्म्या सांगतात. सीओपीडी निघतो, म्हणजे श्वासनळ्या अडवणारा फुप्फुसाचा जुनाट आजार. श्वासनळ्या आकसल्या, फुप्फुस पहिल्यासारखं होणार नाही, पण पंप नेमानं घेतला तर धाप आटोक्यात राहील. त्या दिवसापासून घरात बुवांचा पंप, बुवांचं कोमट पाणी, बुवांपुरतं अंडं. बिडी सोडली की पारावर कौतुक.

आता बाई. तिला न्यायचंच असेल तर सोयाबीन निघू द्या, कापूस वेचून होऊ द्या. तोवर तीच म्हणेल, ‘आता बरं हाय जी.’ तरी नेलीच, तर प्रश्न तोच, ‘बिडी पिता का?’ ‘नाही जी.’ झालं, फुप्फुस निर्मळ! मग धाप कशाची? रक्त कमी असेल, टेन्शन असेल, नाहीतर पाळी जायचं वय. लाल गोळ्या घ्या. तीस वर्षं पऱ्हाटी, तुराटी आणि गोवऱ्यांचा धूर दोन वेळा छातीत गेला, हे कोणी विचारत नाही. तीही सांगत नाही. चुलीचा धूर ही काय दवाखान्यात सांगायची गोष्ट आहे?

ही रीत फक्त आपल्या तालुक्याची समजून लाजू नका. २००१ साली छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिका-कॅनडातल्या १९२ डॉक्टरांपुढे एक कागदावरचा रुग्ण ठेवला होता. सिगारेट ओढणारा, खोकला तोच, धाप तीच. काहींना तो पुरुष म्हणून सांगितला, काहींना बाई म्हणून. बाई म्हटल्यावर सीओपीडी कमी डॉक्टरांना सुचला. स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकून फुप्फुस तपासायच्या यंत्राचा, निकाल हाती दिला तेव्हा कुठं हा फरक घटला.

म्हणून सांगतो, बाईला त्या यंत्रापर्यंत पोचू देऊ नका. नळी तोंडात धरून जीव खाऊन फुंकायचं असतं. बाहेर आलेल्या एकूण हवेतली निदान ७० टक्के पहिल्याच सेकंदात यायला हवी. पंपाचं औषध देऊनही आली नाही तर नळ्या अडलेल्या. यंत्राला लुगडं-धोतर कळत नाही, हीच त्याची खोड. कोणी आग्रह केला तर म्हणा, ‘ती जन्मभर फुंकणीच फुंकते, अजून काय फुंकायला लावता?’ बायांच्या श्वासनळ्या मुळात बारीक, तेवढ्याच आजारात त्यांना दम जास्त लागतो, असंही कोणी सांगेल. तुम्ही ‘नखरे’ म्हणा. शब्द लहान आहे, जुना आहे.

लेकीला पंप लागला, तर स्थळ येण्याच्या दिवशी तो गव्हाच्या कोठीत टाका.

गॅसचं म्हणाल, तर सरकारची उज्ज्वला गॅस योजना २०१६ साली आली, आपल्याकडं सिलिंडरही आलं. १४.२ किलोचं लाल धूड. त्यावर विणलेला रुमाल घाला, चहा फक्त जावयापुरता करा. दुसरं भरायला पैसे लागतात, आणि पऱ्हाटी वावरात फुकट. शिवाय चुलीवरच्या भाकरीची चव वेगळीच. खाणाऱ्याला. धूर बाहेर नेणारी मगनचूल तर स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या वर्ध्याच्याच मगनवाडीतून निघाली. पाऊणशे वर्षं तर झाली, घाई काय आहे?

एक राहिलंच. बुवांची बाज ओसरीवर टाकताना उशी अंगणाकडं करा. सयपाकघराचा धूर दारातून ओसरीकडंच येतो, आणि डॉक्टरांनी त्यांना धुरापासून जपायला सांगितलंय.